व्हायब्रेशन मशीन, मोठीमाय आणि 35 कॅलरी

लातुरात आमच्या घरच्या ग्रुपवर एक मेसेज चौथ्यांदा आलाय: "साठीनंतर महिलांनी व्हायब्रेशन मशीनवर रोज दहा मिनिटं नुसतं उभं राहावं. तासभर चालल्याइतकी चरबी जळते. पाय खाजले की समजा, चरबी वितळतेय. कसलाच धोका नाही." माझी मोठीमाय ही पायाखाली थरथरणाऱ्या पाटीची मशीन हप्त्यावर घ्यायला निघाली, म्हणून हे लिहितेय.

दहा मिनिटं म्हणजे तासभर, हे आधी बघू. मशीनवर उठाबशा काढताना शरीराला किती ऑक्सिजन लागतो ते मोजलेलं आहे. तो मध्यम गतीनं चालताना लागतो तेवढाच भरतो. म्हणजे दहा मिनिटांना दहाच मिनिटांचं चालणं. नुसतं उभं राहिलं तर त्याहून कमी. 60 किलोच्या बाईच्या दहा मिनिटं चालण्यात साधारण 35 कॅलरी जातात, आठ-दहा शेंगदाण्यांच्या. किलोभर चरबीत कॅलरी असतात 7,700 च्या आसपास. भागून बघा: 220 दिवस, एकही खाडा न करता, ताटात एक घासही न वाढवता.

जर्मनीत एरलांगेनला 65 च्या पुढच्या 151 स्त्रियांवर 18 महिने अभ्यास झाला. एका गटानं व्यायाम केला, दुसऱ्यानं तोच व्यायाम कंपनासह. चरबी दोन्ही गटांची उतरली. कंपनानं त्यात भर पडली नाही. पायांच्या ताकदीला मात्र कंपनाचा थोडा उपयोग दिसला, तेवढं श्रेय मशीनला द्यायलाच हवं.

खाजेचं तर मी डोळ्यांनी पाहिलं. दुकानात मोठीमाय मशीनवर चढली, बांगड्या खणखणल्या, आणि दोन मिनिटांत ती लुगडं वर धरून पोटरी खाजवू लागली. दुकानदार म्हणाला, "बघा मावशी, लागली वितळायला!" कातडीखाली रक्ताचा पुरवठा वाढला की पाय लाल होतात, खाजतात. चरबीचा त्याच्याशी काही संबंध नाही.

धोका नाही, ही थाप सगळ्यात वाईट. पेसमेकर, बदललेला सांधा, ताजं ऑपरेशन, पायात रक्ताची गुठळी, पित्ताचे किंवा मूत्राचे खडे असलेल्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय त्यावर चढू नये. मोठीमायचा डावा गुडघा बदललेला आहे. दुकानात तिला कुणी एका शब्दानं विचारलं नाही.

"मग मी करू तरी काय, माय?" ती म्हणाली. मी भिंतीला टेकवून खुर्ची ठेवली आणि हात न टेकता उठायला सांगितलं. पहिल्या दिवशी तीनदा जमलं, काल सात. संध्याकाळी आम्ही दोघी मारुतीच्या देवळापर्यंत चालत जातो. हप्त्याचा विचार तिनं सध्या सोडलाय.