गुळवेलाचा काढा घ्या, स्टेरॉइड बंद करा? त्या मेसेजला उत्तर

मुलुंड-भांडुपकडच्या महिला ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘ऑटोइम्यून हिपॅटायटिस म्हणजे प्रतिकारशक्ती खचल्याने झालेली कावीळ. रुग्णाची ताटवाटी वेगळी ठेवा, गुळवेलाचा काढा द्या, स्टेरॉइड बंद करा.’ माझ्या धाकट्या बहिणीला हा आजार आहे, म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी ताटवाटी. दूषित पाण्यातून पसरतात ते हिपॅटायटिस ए आणि ई. ऑटोइम्यून हिपॅटायटिस मात्र कुणाकडून कुणाला लागत नाही. तरी सासरी बहिणीच्या पेल्याला नेलपॉलिशचा लाल ठिपका लावला, आणि हळदीकुंकवाला चार बायकांसमोर तिला दूध त्याच पेल्यात दिलं. आजारापेक्षा ते तिच्या जिव्हारी लागलं. दारूमुळेही हा आजार होत नाही.

‘प्रतिकारशक्ती खचली’ हे तर साफ उलटं. आपलं रक्षण करणाऱ्या पेशीच इथे स्वतःच्या यकृतावर तुटून पडतात. म्हणून यकृताची इजा दाखवणारं एसजीपीटी वाढतं, आयजीजी हे प्रतिकारशक्तीचं प्रथिन वाढतं, रक्तात एएनएसारखी, स्वतःच्याच पेशींविरुद्धची प्रतिपिंडं (अँटीबॉडी) सापडतात, आणि निदान पक्कं करायला बहुतेकदा बायोप्सी, म्हणजे यकृताचा बारीक तुकडा काढून तपासणी, करावी लागते. अशा माणसाला गुळवेल देऊन प्रतिकारशक्ती आणखी चेतवायचा सल्ला कसा देता? कोविडच्या काळात गुळवेल घेतलेल्या आणि यकृताला अशाच प्रकारची इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईच्याच डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, हेही सांगायला हवं. पण तज्ज्ञांमध्येच वाद असताना आधीच दुखावलेल्या यकृतावर प्रयोग नको.

सगळ्यात घातक सल्ला शेवटचा. प्रतिकारशक्तीचा हा हल्ला शमवायला दिल्या जाणाऱ्या प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडने चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. सगळं खरं. म्हणूनच रिपोर्ट सुधारतील तसा डॉक्टर डोस पायरीपायरीने उतरवतात आणि जोडीला बहुधा अॅझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती आवरणारं दुसरं औषध देतात. गोळ्या एकदम सोडल्या तर आजार उसळू शकतोच, शिवाय शरीर स्वतःचं स्टेरॉइड लगेच पुरेसं बनवू शकत नाही, त्यातून जिवावर बेतू शकतं. उपचाराविना आजार धुमसत राहिला तर सिरॉसिस होऊ शकतो, म्हणजे यकृत व्रणांनी कडक होतं, कधी यकृत प्रत्यारोपणाची वेळ येते. रिपोर्ट नॉर्मल आल्यावर ‘अजून गोळ्या कशाला?’ असं बहिणीला सगळेच विचारतात. रिपोर्ट नॉर्मल आहेत ते गोळ्यांमुळे, आणि त्या थांबवल्यावर बऱ्याच रुग्णांत आजार परततो.

खर्चाची धास्ती असेल तर केईएम, नायर, सायनसारख्या पालिकेच्या रुग्णालयांत पोटविकारांची ओपीडी आहे. जाताना जुने रिपोर्ट न्या, आणि घरी चालू असलेल्या प्रत्येक काढ्या-चूर्णाचं नाव डॉक्टरांना सांगा.