झेंड्यांपासून भिंतीपर्यंत

परवा सोसायटीत एक काका म्हणाले, "तो पोहणारा श्रीहरी नटराज म्हणजे ऑलिम्पिकला सत्ताविसावा आलेला तोच ना?" आणि हसले. तेव्हा मी गप्प बसले, पण ते हसणं डोक्यातून जाईना म्हणून लिहितेय, पोस्ट मोठी झालीये, सांभाळून घ्या.

लेकीपायी गेली पाच वर्षं माझी पहाट स्विमिंग टँकच्या पायऱ्यांवर उजाडते. ती बॅकवाली, म्हणजे बॅकस्ट्रोक, पाठीवर पोहणारी. लोकांना वाटतं काय, उताणं पडून आरामात जायचं, पण अहो त्या पोरांना भिंत दिसतच नाही! दिसतात ते फक्त भिंतीच्या ५ मीटर अलीकडे वर बांधलेले झेंडे. ते डोक्यावरून गेले की हात मोजायचे, माझ्या पोरीचे सहा, की भिंत. मोजणी चुकली की एकतर डोकं आपटतं नाहीतर घाबरून आधीच हात आखडतो आणि टायमिंग जातं.

तर श्रीहरी. बंगळुरूचा, जन्म २००१ चा. जून २०२१ मध्ये रोमला टाइम ट्रायलमध्ये त्याने १०० मीटर बॅक ५३.७७ सेकंदांत मारलं. ऑलिम्पिकचा ए कट, म्हणजे थेट प्रवेशासाठी गाठायची वेळ, होता ५३.८५. म्हणजे फक्त आठ शतांशांनी आत, तेवढ्यात पापणीसुद्धा धड लवत नाही. त्याच्या आधी ए कट गाठणारा भारतीय पोहणारा एकच, साजन प्रकाश, तोही आदल्याच दिवशी. टोकियोत मात्र ५४.३१ लागले, सेमीला १६ जण जातात, हा २७ वा. पुढच्या वर्षी बर्मिंगहॅम कॉमनवेल्थला ५० आणि १०० दोन्हीच्या फायनलला पोचला, ते काकांना माहीतच नव्हतं. २०२४ ला पॅरिसला युनिव्हर्सॅलिटी कोट्यातून (ज्या देशांतून कोणी ए कट गाठत नाही त्यांच्यासाठीच्या जागेवर) गेला आणि ५५.०१. हो, टायमिंग वाढलं, ते मलाही खटकतं, तेविसाव्या वर्षी वाढायला नको होतं. त्यावर खुशाल बोला की. पण बोला, हसू नका.

मी रात्री बसून हिशोब केला. इटलीच्या थॉमस चेकॉनचा १०० मीटर बॅकचा २०२२ चा वर्ल्ड रेकॉर्ड ५१.६०. श्रीहरीच्या ५३.७७ पासून फरक २.१७ सेकंद, त्याच्या स्पीडने साधारण ४ मीटर. म्हणजे चेकॉनचा हात भिंतीला लागेल तेव्हा आपला पोरगा झेंडे ओलांडून आत आलेला असेल!

आणि इथे आमच्याकडे काय, तर टँकवरची झेंड्यांची दोरी तुटली ती दोन महिने तशीच. विचारलं की "ऑर्डर गेलीये मॅडम". लेक एकदा धाडकन भिंतीवर, टाळूवर हे एवढं टेंगूळ, बर्फ चहावाल्याकडून आणला. वर नातेवाईक आहेतच, "दहावीला बंद करणार ना पोहणं?" पोरं तिथेच गळतात, चौदा-पंधराला, आणि मग आपण टीव्हीसमोर बसून कितवा आला ते मोजतो.

शेवटी आम्ही पालकांनीच वर्गणी काढून नायलॉनची दोरी आणली, एकांच्या घरी गणपतीच्या प्लास्टिकच्या पताका पडून होत्या त्या ओवल्या, रविवारी बांधली. सोमवारी लेक पाण्यातूनच ओरडली, "आई, दोरी चुकलीये, पाचच हात होतायत!" सरांनी टेप लावून बघितला. बरोबर ५ मीटर.