तेरा, पंधरा, चौदा

दवाखान्यात माझा नंबर बाविसावा, आत सातवा. पूर्वी अशा वेळी लोक भिंतीवरचं 'शांतता राखा' पुन्हा पुन्हा वाचायचे. मी मोबाइल काढून सरकत्या आकड्यांचा गेम उघडला. चार बाय चारची चौकट, १ ते १५ आकडे, सोळावं घर रिकामं. सरकवत सरकवत सगळे ओळीने लावायचे. 'दोन मिनिटांची करमणूक' असं त्यावर लिहिलंय. कोणाची दोन मिनिटं, ते लिहिलेलं नाही.

पहिल्या दोन ओळी मी अशा लावतो की शेजारच्याला वाटावं, पोरगं हुशार आहे. तिसऱ्या ओळीत घोडं अडतं. बारा जागेवर आणायचा तर अकराला उठवावं लागतं, आणि अकरा एकदा उठला की भर पंगतीतून उठवलेल्या आत्याबाईंसारखा परत बसायचं नाव काढत नाही.

खरं तर मला हे यायला हवं. दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सहा जण वाढलो. कपाट उघडायचं तर शिलाई मशीन सरकवा, मशीनसाठी खाट, खाटेसाठी आजोबा. रिकामं घर म्हणजे गॅलरी. आई हे सगळं कढईतल्या फोडणीवरची नजर न काढता करायची.

जत्रेतून आणलेला या खेळाचा प्लास्टिकचा अवतारही घरी होता. एकदा तो सुटेना म्हणून दादाने आईच्या केसांतल्या आकड्याने सगळे आकडे उचकटले, मनाला येईल तसे बसवले आणि उदार मनाने मला देऊन टाकला. मे महिन्याची अख्खी सुट्टी मी त्यावर घासली. शेवटची ओळ कायम तेरा, पंधरा, चौदा. "एवढा वेळ पाढ्यांना दिला असतास तर," असं बाबा रोज जेवताना म्हणायचे.

पुढे खूप वर्षांनी कळलं की असे तुकडे काढून बसवले तर निम्म्या मांडण्या जन्मात सुटत नाहीत. त्यातली चौदा-पंधराची अदलाबदल तर जगप्रसिद्ध! १८८० मध्ये या खेळाने अमेरिका-युरोपला वेड लावलं होतं. सॅम लॉईड नावाच्या कोडेकाराने नंतर चौदा-पंधरा सुलटे करणाऱ्याला १,००० डॉलरचं बक्षीस लावलं. ते अशक्य असल्याचं गणितज्ञांनी १८७९ मध्येच सिद्ध केलेलं, त्यामुळे गृहस्थाच्या खिशाला धोका नव्हता. वर, खेळ आपणच शोधला असंही तो सांगत राहिला. मूळ डोकं नोयेस चॅपमन या पोस्टमास्तराचं. खणाखणांत पत्रं टाकणाऱ्यालाच हे सुचायचं.

मी तडक दादाला फोन लावला. "तू पंधरा चुकीचा बसवला होतास."

"कुठला पंधरा?"

सांगितल्यावर म्हणाला, "मग तूही आकडा घ्यायचास ना आईचा."

मोबाइलवर ती सोय नाही. हा गेम सुटेल अशीच मांडणी देतो, आणि सुटणारी कुठलीही मांडणी जास्तीत जास्त ८० चालींत सुटते हेही सिद्ध झालंय. माझ्या कोपऱ्यात ३४७ चाली दिसत होत्या. खापर फोडायला दादासुद्धा नाही.

"बावीस नंबर!"

मी मागच्या आजींना म्हटलं, "तुम्ही व्हा पुढे." त्यांनी तोंडभर आशीर्वाद दिला. मग तेवीसवाल्या काकांनाही मी पुढे सोडलं. चोविसाव्याने मात्र दार धरून मलाच आत ढकललं.

"काय होतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"उजवा अंगठा दुखतोय."

त्यांनी अंगठा दाबून पाहिला. मग माझ्या हातातला मोबाइल काढून घेतला. मला वाटलं, आता बोलणी बसणार. चष्मा कपाळावर सारून ते बराच वेळ बघत राहिले.

"अहो, तिसरी ओळ आडवी कशाला लावताय?" ते म्हणाले. "खालच्या दोन्ही ओळी उभ्या लावायच्या. नऊ आणि तेरा जोडीनं आणा. बसा असे."

बाहेर चोविसावा मुद्दाम खोकत होता.