आत्याचा अंगठा

सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एकाने टाकलं, "आपण टॅक्स भरायचा आणि यांना घरबसल्या दोन दोन हजार. मग शेतात काम कोण करणार?" हे पीएम किसानबद्दल, म्हणजे केंद्राकडून शेतकऱ्यांच्या खात्यात येणाऱ्या पैशांबद्दल. खाली अकरा अंगठे. तिथं काही लिहिलं नाही, लिफ्टमध्ये रोज तोंडं बघायची असतात. इथं लिहितेय.

ते अंगठे बघून आत्याचा अंगठा आठवला.

माझी आत्या यवतमाळकडची. तीन एकर कोरडवाहू, पऱ्हाटी म्हणजे कापूस आणि मधे तूर. आतोबा गेल्यावर सातबारा तिच्या नावावर झाला. पीएम किसानला केवायसी, म्हणजे ओळख पटवणं, सक्तीची झाली तेव्हा सेतूवाल्याने तिचा अंगठा सात वेळा मशीनवर दाबला. मशीन काही घेईना. चाळीस वर्षं कापूस वेचलेल्या बोटांना रेघा राहतात का? ओटीपी यावा तर आधारला मोबाइल जोडलेला नाही. तालुक्याला तीन चकरा, प्रत्येक चकरेला एक मजुरी बुडाली. म्हणे घरबसल्या!

आणि रक्कम केवढी? वर्षाला ६,०००, तेही दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत. दिवसाला साडेसोळा रुपयेसुद्धा नाहीत. २०१९ला सुरू झाली तेव्हा ६,०००, आजही तेवढेच. २०२३पासून राज्याच्या 'नमो शेतकरी' योजनेचे आणखी आले, ठीक. पण एका हप्त्यात डीएपी खताचं एक पोतं आणि युरियाची दोन, संपला हप्ता. तेही डीएपी मिळालं तर.

हो, बोगस नावं घुसली, प्राप्तिकर भरणाऱ्यांनीही हप्ते उचलले आणि मग वसुली लागली. मान्य. आमच्याच बिल्डिंगमधल्या एकाच्या नावावर गावाकडे जमीन आहे, कसतो दुसराच. हप्ता इथे पुण्यात जमा होतो. मक्त्याने शेती करणाऱ्याला मात्र छदाम नाही, कारण सातबाऱ्यावर नाव नाही. यावर बोला ना! आज त्या अकरांत हे गृहस्थही आहेत, बरं का.

गृहकर्जाच्या व्याजावर दोन लाखांपर्यंत वजावट घेतली तेव्हा आपल्याला कुणी फुकटे म्हटलं नव्हतं. मीही घेतलीय. आणि २०२५च्या ऑगस्टमध्ये कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क वर्षअखेरपर्यंत काढलं, ऐन बोंडं फुटायच्या तोंडावर, तेव्हा ग्रुपवर कसला हिशेब आला नाही. भाव द्या, हे दोन हजार नकोत, असं आत्याच म्हणते. खरं आहे तिचं. पण भाव देत नाही तोवर हे तरी हिसकावू नका.

जाऊ दे. फार तापले.

पुढे चेहरा दाखवून केवायसी करायचं अ‍ॅप आलं. दिवाळीत गेले होते तेव्हा ओसरीवर बसवून मीच केलं. डोळे मिचकव म्हटलं तर ती पदर तोंडाला लावून हसत सुटली. फोटो म्हणून केसांना तेल लावून आली होती. झालं एकदाचं. तोवर दोन हप्ते अडकले होते.

हे लिहीत असतानाच तिचा फोन आला. "पाय बरं पोरी, हप्ता पडला काय?"

बघितलं. नव्हता पडला.

"राहू दे, घाई नाही. तुह्या डाळीचा डबा सरला असन. येणाऱ्याच्या हाती पाठवतो."