‘गरम लाल बिअर’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार भाऊ,

शनिवारी आमच्याकडे तुमचा हिरमोड झाला, त्याबद्दल माफी मागतो. एक तारा देऊन तुम्ही लिहिलंत की रेड एल (आमची लाल बिअर) गरम होती, फेस नव्हता, चव करपट, लोण्यासारखा वास, आणि जळगावात बसून केलेली ही पुण्याची नक्कल. सगळं नीट वाचलं. बाकीच्यांवर थोडक्यात बोलतो, पण ‘गरम दिली’ यावर मात्र सविस्तर बोलावंच लागेल. मे महिन्यात जळगावात बिअरवाल्याच्या नावापुढे ‘गरम’ हा शब्द लागला की त्याने दुकान बंद केलेलं बरं. रविवारी दोन बुकिंग रद्द झाली, दोघांनीही तुमचा अभिप्राय वाचला होता.

रेड एल आमच्या टॅपमधून 8 अंशांवर निघते, आणि ते मुद्दाम. बाटलीतली नेहमीची लागर 3-4 अंशांवर पितात, कारण तिच्यात वास घेण्यासारखं फारसं नसतं (कोणी राग मानू नये). लाल बिअरचा जीव माल्टमध्ये (मोड आणून वाळवलेल्या बार्लीत) असतो: भाजलेल्या पावाची कड, थोडी टॉफी, शेवटी किंचित कोरडेपणा. हीच बिअर 3 अंशांवर दिली तर वास उठत नाही, गोडवा दबतो आणि कडवटपणा तेवढा एकटा पुढे येतो. बर्फ मागितलात तेव्हा पोरगा ‘नाही’ म्हणाला, त्याचा सूर चुकला असेल. पण बर्फ पडला की गॅस भसकन निघून जातो आणि उरतं ते सरबत.

आता वेळ. बिलावर तुमची रेड एल 7.42 ला निघालेली आहे. तुम्ही टाकलेल्या फोटोत मागच्या भिंतीवरचं घड्याळ दिसतं, 8.27. मध्ये 45 मिनिटं गेली आणि ग्लास अजून निम्मा भरलेला. टेबल गच्चीवरचं, तेही तुम्हीच मागून घेतलेलं, आत कूलरखाली जागा होती. काल त्याच टेबलावर, त्याच वेळी, हवा 38 अंश असताना आम्ही 8 अंशांचा ग्लास ठेवून थर्मामीटर बुडवला. 10 मिनिटांनी 12, 20 मिनिटांनी साडेपंधरा, 45 मिनिटांनी 22. चहासुद्धा एवढा वेळ ठेवला तर कोणी टपरीवाल्याला ‘गार दिला’ म्हणत नाही. हां, टॅपच्या तोंडाशी असलेली वीतभर नळी थंड पेटीच्या बाहेर आहे, त्यामुळे पहिला पाऊण ग्लास सांडून मग भरायचा असतो. पोरगा म्हणतो, त्याने सांडला होता.

फेसाचंही तुमच्याच फोटोत आहे. फोटो मोठा करून बघा. काचेला आतून पांढरी तीन वळी चिकटलेली आहेत, एकाखाली एक. दर घोटाला पातळी खाली जाते आणि फेस एक वळं सोडतो. ग्लासला साबण किंवा तेल राहिलं असेल तर एकही उमटत नाही, फेस नुसता घसरतो. म्हणजे ग्लास स्वच्छ होता आणि फेस निदान तीन घोट टिकला. चौथं वळं नाही. आणि काठावर, जिथे ओठ लागतो तिथे, तांबूस तवंग आहे. ती आमच्याच शेवभाजीची तर्री. तेल लागलं की फेस बसतो, मग तो आयर्लंडच्या किल्केनीचा असो की खान्देशातला.

शेवभाजी वाईट म्हणत नाही, तीच खायला लोक धुळ्याहून येतात. पण तिखटाने पेटलेल्या तोंडाला बिअरमधला गॅसही झोंबतो आणि हॉप्सही (कडवटपणा देणारी फुलं), दोन्ही दुप्पट. शिवाय चाखायच्या बिअरच्या ट्रेमधला काळा स्टाउट तुम्ही आधी संपवलात, म्हणजे त्यानंतर लाल बिअर तोंडाला काही लागणारच नाही. फिकटाकडून गडदाकडे जायचं: आधी गव्हाची, मग लाल, शेवटी काळी. मध्ये साधं पाणी आणि कोरड्या कळण्याच्या भाकरीचा एक तुकडा, मीठ-लोणी काही न लावता. ग्लास ट्यूबलाइटसमोर धरायचा, कडेला डाळिंबी झाक दिसली पाहिजे. तपकिरी किंवा मळकट दिसली तर गडबड आहे. पिण्याआधी वास, कारण पहिल्या मिनिटात जे उठतं ते नंतर नाही. मग छोटा घोट, तोंडभर फिरवून गिळायचा. वाइनसारखा थुंकायचा नाही, बिअरचा कडवटपणा गिळल्यानंतर मागून येतो आणि तो किती वेळ रेंगाळतो त्यावरच निम्मं मत ठरतं. हे सगळं ट्रेखालच्या कागदावर छापलेलं आहे. त्या कागदाला तुम्ही हात पुसले, असो.

करपट चवीबद्दल. आमच्या 500 लिटरच्या बॅचला जवळपास 95 किलो धान्य लागतं: 84 किलो साधा पेल माल्ट, 9 किलो क्रिस्टल (टॉफीसारखी गोडी देणारा माल्ट), आणि काळी भाजलेली बार्ली फक्त पावणेदोन किलो. लाल रंग त्या पावणेदोन किलोचा. 4-5 किलो घातली तर कॉफीसारखं लागेल, एवढ्याने नाही. करपटपणा दुसऱ्या वाटेनेही येतो: बोअरचं जड पाणी वापरलं, किंवा माल्ट धुताना पाणी 77 अंशांच्या वर गेलं, तर सालातला तुरटपणा उतरतो. म्हणून आम्ही आरओचं पाणी घेऊन त्यात मोजून जिप्सम घालतो आणि धुण्याचं पाणी 75 वर थांबवतो. तुमच्या बॅचची घनता आंबवताना 1.046 वर सुरू होऊन 1.011 ला थांबली, म्हणजे अल्कोहोल 4.6 टक्के, कडवटपणा 24 आयबीयू (कडवटपणा मोजायचं एकक). सगळं या शैलीच्या मापात बसतं.

आणि नक्कल करायचीच तर आम्ही आयर्लंडची केलीय. तिथल्या किल्केनीत 1710 मध्ये स्मिथविक्स ही ब्रुअरी सुरू झाली. पुण्याचा यात संबंध काय, कळलं नाही.

राहिला लोण्याचा वास. तो डायअसिटाइलचा, बिअर आंबताना तयार होणाऱ्या रसायनाचा. यीस्टला पुरेसा वेळ मिळाला तर तेच ते संपवतं, आणि काही उरलं असेल तर नमुना गरम केल्यावर वास येतो. रविवारी सकाळी एक ग्लास थेट टाकीतून काढला आणि एक टॅप क्रमांक 3 मधून. टाकीतल्या नमुन्याचे दोन भाग करून एक झाकून 60 अंशांच्या पाण्यात 20 मिनिटं ठेवला, गार करून दोन्ही हुंगले. दोन्ही स्वच्छ, म्हणजे यीस्टने आपलं काम पूर्ण केलं होतं. टॅपमधल्या ग्लासला मात्र वास होता, थोडा आंबूसही. म्हणजे खोट लाइनमध्ये, टाकीपासून टॅपपर्यंतच्या नळीत. नळीत जंतूंचा थर धरला की असं होतं. लाइन 14 दिवसांनी कॉस्टिकने धुतो, यावेळी 17 दिवस झाले होते, लग्नसराईची गर्दी होती. ते तुमचं बरोबर.

टॅप 3 ची नळी बदलली आहे, धुण्याची तारीख आता टॅपवरच लिहितो, कर्मचाऱ्यांनाही सांगितलं आहे आणि गच्चीबद्दल काहीतरी करतोच आहोत. ट्रेचे 350 रुपये परत करायचे आहेत, बिलाचे शेवटचे चार आकडे काउंटरवर सांगा. परत आलात तर आतल्या टेबलावर बसा आणि रेड एल 15 मिनिटांत संपवा. लाइन धुवायच्या मंगळवारी येऊ नका, त्या दिवशी लाल बिअर संध्याकाळी 7 नंतरच मिळते.