पूरक टिपणी

जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागात मी ३३ वर्षं नोकरी केली. कनिष्ठ सहायक म्हणून लागले, निवृत्त झाले तेव्हा अधीक्षक होते. एवढ्या वर्षांत सगळ्यात जास्त धास्ती कशाची घेतली असेल तर ती एलएक्यूची. म्हणजे विधानसभेच्या तारांकित प्रश्नाची, ज्याचं उत्तर मंत्र्यांना सभागृहात तोंडी द्यायचं असतं. अधिवेशन तोंडावर आलं की संध्याकाळी साडेपाचला, पर्स खांद्याला लावलेली असताना हमखास फोन यायचा. "मॅडम, तारांकित आलाय. माहिती आजच्या आज पाठवा." मग घरी निरोप, पोळ्या करून ठेवा म्हणून सासूबाईंना विनंती, आणि तालुक्याच्या गावांना फोनवर फोन.

टीव्हीवर मंत्री उठतात आणि उत्तर देतात, तेवढंच लोकांना दिसतं. ते उत्तर मंत्रालयातल्या कक्ष अधिकाऱ्याच्या टेबलावरून निघतं, आयुक्तालयात जातं, तिथून जिल्ह्याला, जिल्ह्यातून तालुक्याला, आणि शेवटी एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या लिपिकाने हजेरीपत्रक बघून सांगितलेल्या आकड्यावर येऊन थांबतं. मग तोच आकडा उलटा वर चढत जातो. प्रत्येक पायरीवर त्याची भाषा थोडी गुळगुळीत होते. ही भाषा मी स्वतः शिकले आणि पुढे नव्या मुलामुलींना शिकवलीसुद्धा.

प्रश्न ठरलेल्या साच्यातच येतो. "अमुक ठिकाणी तमुक झाले, हे खरे आहे काय? असल्यास, चौकशी केली आहे काय? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?" उत्तराचाही साचा ठरलेला. होय. हे खरे नाही. हे अंशतः खरे आहे. माहिती घेण्यात येत आहे. आणि शेवटी, पहिल्या भागाला नकार दिला की आपोआप येणारं वाक्य: प्रश्न उद्भवत नाही.

एका हिवाळी अधिवेशनातली गोष्ट सांगते. किती वर्षं झाली ते सांगत नाही, गाव-तालुकाही सांगत नाही. प्रश्न असा होता की अमुक प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर नसल्यामुळे बाळंतपणासाठी आलेल्या बाईला परत पाठवलं, हे खरं आहे काय. मी माहिती मागवली. त्या केंद्रात वैद्यकीय अधिकाऱ्यांची दोन पदं मंजूर होती आणि दोन्ही भरलेली होती. त्यातले एक डॉक्टर प्रतिनियुक्तीवर दुसरीकडे काम करत होते, दुसरे त्या आठवड्यात प्रशिक्षणाला गेले होते. म्हणजे कागदावर दोन डॉक्टर आणि केंद्रात कोणीच नाही. ती बाई जीपमध्ये बसून तालुक्याला गेली. बाळ वाटेतच गेलं.

मी मसुदा लिहिला: "हे खरे नाही. सदर केंद्रात वैद्यकीय अधिकाऱ्यांची मंजूर दोन्ही पदे भरलेली आहेत. उर्वरित भागाबाबत प्रश्न उद्भवत नाही." साहेबांनी एक शब्दही बदलला नाही. वरही कोणी बदलला नाही.

पण तारांकित प्रश्नाच्या उत्तरासोबत आणखी एक कागद जातो, तो बाहेरच्यांना ठाऊक नसतो. त्याला पूरक टिपणी म्हणतात. सभागृहात आमदारांनी उपप्रश्न विचारले तर मंत्र्यांना उत्तर देता यावं म्हणून ती असते, आणि तिथे खरं लिहावं लागतं, कारण मंत्री तोंडघशी पडले तर त्याचा जाब खालपर्यंत विचारला जातो. त्या टिपणीत मी सगळं लिहिलं होतं. प्रतिनियुक्ती लिहिली, प्रशिक्षण लिहिलं, जीप लिहिली, बाळाचंही लिहिलं. "दोन पदं भरलेली आहेत तर त्या दिवशी केंद्रात डॉक्टर कोण होते?" एवढा एकच उपप्रश्न कोणी विचारला असता तर मंत्र्यांना ती टिपणी उघडावी लागली असती.

त्या दिवशी नागपुरात घोषणाबाजी झाली, कामकाज तहकूब झालं. आमचा प्रश्न पुकारलाच गेला नाही. छापील उत्तर तेवढं सभागृहाच्या पटलावर गेलं. आजही त्या अधिवेशनाची प्रश्नोत्तरं कोणी काढून वाचली तर तिथे लिहिलेलं सापडेल की हे खरे नाही. ते वाक्य माझं आहे. ते मला डाचत आलंय, म्हणूनच आज हे लिहायला बसले.

म्हणून प्रश्नोत्तराचा तास, म्हणजे कामकाजाचा पहिला तास, गोंधळात गेल्याची बातमी ऐकली की माझ्या पोटात कालवतं. लोकांना वाटतं, एक तास वाया गेला, उद्या बघू. त्या तासासाठी राज्यभर शेकडो माणसांनी रात्री जागून जे खरं लिहिलेलं असतं ते फायलीतच राहतं, आणि वरचं गुळगुळीत वाक्य तेवढं कायमच्या नोंदीत जातं. विरोधकांनी सरकारला धारेवर धरावं, जरूर धरावं. पण पहिला तास बंद पाडला की सुटका सरकारचीच होते. मग सत्तेवर कोणीही असो. मी ३३ वर्षांत सगळ्या पक्षांचे मंत्री पाहिले आणि सगळ्यांसाठी तीच भाषा लिहिली.

लोकसभेतही हेच. तिथे रोज २० तारांकित प्रश्न यादीत असतात, पण तोंडी उत्तरं होतात ती मोजक्याच प्रश्नांची. बाकीच्यांची लेखी उत्तरं पटलावर ठेवली जातात. २७ नोव्हेंबर २०१९ ला विसाच्या वीस प्रश्न तोंडी घेतले गेले तेव्हा त्याची मोठी बातमी झाली, कारण तसं याआधी घडलं होतं ते १९७२ मध्ये. आणि सप्टेंबर २०२० च्या अधिवेशनात कोविडचं कारण देऊन प्रश्नोत्तराचा तासच काढून टाकला, फक्त लेखी उत्तरं ठेवली. ज्या साथीत दवाखान्यांबद्दल सगळ्यात जास्त विचारायला हवं होतं, त्याच साथीत उपप्रश्न नाही! मला तो निर्णय तेव्हाही पटला नव्हता, आजही पटत नाही.

चिकाटीने विचारलं तर काय होतं, हे या देशाने १९५७ साली पाहिलेलं आहे. आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या अडचणीत आलेल्या कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर घेतले होते. संसदेत विचारणा झाली तेव्हा पहिली उत्तरं गुळमुळीतच होती. पण खासदार मागे लागले, आणि डिसेंबरमध्ये फिरोज गांधींनी सत्ताधारी बाकांवर बसून स्वतःच्याच सरकारला प्रश्न केले. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी मुंबईत उघड चौकशी केली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला. पहिल्या उत्तरावर सगळे गप्प बसले असते तर तिथेही प्रश्न उद्भवला नसता.

आमच्या आरोग्याच्या बाबतीत दुसरी एक पळवाट आहे. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्यात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली, दहा बाळं गेली. ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या रुग्णालयात एका दिवसात १८ रुग्ण दगावले. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडची बातमी आली, २४ तासांत २४ मृत्यू, त्यात १२ नवजात बाळं. नातेवाइकांच्या लेखी तिन्ही सरकारी दवाखानेच. पण भंडाऱ्याचं जिल्हा रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाचं, नांदेडचं वैद्यकीय शिक्षणाचं आणि कळव्याचं ठाणे महापालिकेचं, म्हणजे विचारायचं झालं तर नगरविकास खात्याला. "सदर बाब या विभागाशी संबंधित नाही" हे वाक्य मी इतक्यांदा टाइप केलंय की बोटांना पाठ आहे. औषधखरेदीबद्दल एका खात्याला विचारायचं, पदभरतीबद्दल दुसऱ्याला, आणि रात्रपाळीला एका नर्सकडे किती बाळं होती हे कोणालाच विचारायचं राहून जातं.

घरांचंही तसंच. माझी एक मैत्रीण घरकुलाच्या टेबलावर होती. घरकुलाचा तारांकित आला की उत्तर ठरलेलं: उद्दिष्टानुसार मंजुरी देण्यात आली आहे. मंजुरी म्हणजे घर नव्हे, हे गावातलं शेंबडं पोर सांगेल. १५,००० चा पहिला हप्ता येतो, पाया खणला जातो, मग वाळू मिळत नाही, गवंडी दर वाढवतो, आणि मिळालेल्या अनुदानात घर पुरं करताना माणूस सावकाराकडे जातो. घरकुलाच्या 'ड' प्रतीक्षा यादीत नाव आहे का, हे विचारत म्हाताऱ्या बाया पंचायत समितीत बसून असतात. मुंबईत गिरणी कामगारांचं बघा. १९८२ चा संप ज्यांनी केला ते आता सत्तरी-ऐंशीत आहेत. दीड लाखाच्या आसपास अर्ज आणि आजवर दिलेली घरं जेमतेम पंधरा हजारांच्या घरात. आता मुंबईबाहेर शेलू-वांगणीला जा म्हणतात. किती अर्जदार घराची वाट पाहत वारले, हा उपप्रश्न दर अधिवेशनात विचारायला हवा आणि त्याचं उत्तर आकड्यातच यायला हवं.

पोलिसांबद्दल लिहिताना हात जड होतो. आरोग्याच्या प्रश्नावर माहिती देणारी मी, ज्यांच्यावर ठपका होता त्या केंद्रापासून निदान दोन पायऱ्या लांब होते. पोलिसांच्या प्रश्नात तीही सोय नाही. मारहाणीची तक्रार ज्या ठाण्याविरुद्ध, अहवालाची सुरुवात त्याच ठाण्यातून. परभणीत डिसेंबर २०२४ मध्ये कायद्याचं शिक्षण घेणारा एक तरुण न्यायालयीन कोठडीत असताना गेला. दुसऱ्याच दिवशी नागपुरात अधिवेशन सुरू झालं. गृहखातं मुख्यमंत्र्यांकडेच. चर्चेला उत्तर देताना सभागृहात सांगितलं गेलं की सीसीटीव्हीत मारहाण दिसत नाही, त्याने न्यायदंडाधिकाऱ्यांनाही मारहाण झाली नसल्याचं सांगितलं होतं, त्याला श्वसनाचा त्रास होता. शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात मात्र अनेक जखमांमुळे बसलेला धक्का असं कारण होतं. त्याची आई न्यायालयात गेली. जुलै २०२५ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवायचा आदेश दिला, राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि तिथेही सरकारचं म्हणणं टिकलं नाही. सभागृहातलं ते उत्तर खाली कोणत्या टेबलावर लिहिलं गेलं असेल, याचा मी विचार करत राहते. तिथेही कोणी पूरक टिपणी लिहिली असेल का? तिच्यात काय होतं?

काही जण म्हणतील, आमदार-खासदार प्रश्न विचारतात तेही स्वतःच्या फायद्यासाठी. तसं घडलेलंही आहे. डिसेंबर २००५ मध्ये पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल ११ खासदारांना संसदेने काढून टाकलं, त्यात आपल्या महाराष्ट्रातलेही होते. पण म्हणून प्रश्न विचारणंच हलकं ठरवायचं का? मला वाटतं, आपणच लक्ष देत नाही. रस्ता केला का, मंडप दिला का, हे आपण आमदाराला विचारतो. या अधिवेशनात तुमचे किती तारांकित लागले, उत्तर आल्यावर उपप्रश्न कोणता केलात, आश्वासन मिळालं तर त्याचं पुढे काय झालं, हे माझ्या माहितीतल्या एकानेही कधी विचारलेलं नाही. आश्वासनांचा पाठपुरावा करणारी समितीसुद्धा असते विधिमंडळात. तिचं नाव घेतलं की लोक चकित होतात.

निवृत्तीनंतर मी विधिमंडळाच्या संकेतस्थळावर आमच्या जिल्ह्याची प्रश्नोत्तरं वाचत असते. ओळखीची वाक्यं भेटतात. कुठे काय झाकलंय ते मला लगेच दिसतं, कारण झाकायची पद्धत तीच आहे. गेल्या महिन्यात आमच्या आमदारांच्या कार्यालयात जाऊन त्यांच्या स्वीय सहायकांना भेटले. तो मुलगा माझ्या लेकाच्या वयाचा. म्हणाला, "मावशी, तुम्ही लिहून द्या, मी साहेबांपुढे ठेवतो." घरी येऊन लिहिलं. एक घरकुलांबद्दल, एक आरोग्य केंद्रांबद्दल. दुसरा इथे देते. तुमच्या तालुक्याचं नाव घालून तुम्हीही तुमच्या आमदाराकडे द्या.

"तालुक्यातील प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात मागील तीन महिन्यांत कोणत्या रात्री एकही वैद्यकीय अधिकारी प्रत्यक्ष हजर नव्हते, त्या तारखा कोणत्या, आणि त्या रात्री बाळंतपणासाठी आलेल्या महिलांना कोठे पाठविण्यात आले?"