ईएफ ६० टक्के आहे, म्हणून तिशीतलं हृदय ठणठणीत समजू नका

वजन वाढलेल्या तरुण मुलामुलींच्या टू-डी इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, सगळे एकच आकडा शोधतात, ईएफ (इजेक्शन फ्रॅक्शन). तो ६० टक्के दिसला की रिपोर्ट कपाटात जातो. लठ्ठपणात हा आकडा बिघडतो तो फार उशिरा, त्यामुळे त्याच्यावर विसंबणं मला धोक्याचं वाटतं.

एका ठोक्यात डाव्या खालच्या कप्प्यातलं किती टक्के रक्त बाहेर पडलं, एवढंच ईएफ सांगतो. लठ्ठपणात आधी बिघडतं ते दोन ठोक्यांच्या मधलं हृदयाचं सैलावणं. चरबीलाही रक्त लागतं. वजनाबरोबर अंगातलं रक्त वाढतं आणि हृदयाला दर ठोक्याला जास्त रक्त ढकलावं लागतं. त्यात बीपी असलं की कप्प्याची भिंत जाड आणि ताठ होत जाते. ताठ कप्पा भरायला जास्त दाब लागतो आणि तो दाब मागे फुप्फुसांपर्यंत पोचतो. दोन जिने चढल्यावर लागणारी धाप आपण 'स्टॅमिना नाही' म्हणून सोडून देतो, तिच्यामागे हेही असू शकतं.

म्हणून रिपोर्टची खालची ओळ वाचा. 'ग्रेड १ डायस्टॉलिक डिसफंक्शन', म्हणजे सैलावण्यातला पहिल्या पायरीचा बिघाड, सत्तरीत सर्रास दिसतं, पण तिशीत दिसलं तर कारण शोधायलाच हवं. डाव्या वरच्या कप्प्याचं आकारमानही बघा. शरीराच्या दर चौरस मीटर पृष्ठभागामागे ३४ मिलिलिटरच्या वर गेलं, तर कप्पा मोठा धरतात. इथे एक मोठी गफलत होते. उंची १६८ सेंमी आणि कप्पा ७० मिलिलिटरचा धरा. वजन ६५ किलो असेल तर भागाकार ४० येतो, म्हणजे कप्पा मोठा. वजन १०५ किलो असेल तर तोच कप्पा ३२ वर येऊन 'नॉर्मल' ठरतो! वजन जास्त असेल तर हे माप उंचीच्या हिशेबानेही काढून द्या, असं डॉक्टरांना जरूर सांगा. हृदयावरचा ताण दाखवणारी बीएनपी ही रक्ततपासणीसुद्धा लठ्ठ माणसात कमी येते, तेव्हा नुसत्या तिच्यावर हृदयाला क्लीन चिट देऊ नये.

बीपी मोजताना कफ, म्हणजे दंडाला गुंडाळायचा पट्टा, बघा. दंडाचा घेर ३४ सेंमीच्या वर असेल तर मोठा कफ मागा. लहान कफने बीपी खोटंच जास्त दिसतं.

आणि 'मी कुठे लठ्ठ आहे' म्हणणाऱ्यांसाठी: पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचा जोडफोटो २००४ साली प्रसिद्ध झाला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३. चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! आपल्याकडे काट्याइतकीच टेप महत्त्वाची आहे, ती यामुळेच. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर, पोट आत न ओढता कमरेचा घेर मोजा. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंमी ही मर्यादा.

तरुण वयात वजन उतरवलं की हृदयाच्या भिंतीची जाडीही कमी होऊ शकते. घोरणं आणि दिवसा पेंगणं असेल तर झोपेची तपासणी लांबवू नका. झोपेत श्वास अडकतो तेव्हा दर वेळी बीपी उसळतं, आणि मग गोळ्या घेऊनही ते आटोक्यात येत नाही.